रसायनशास्त्राची पदवी झाली, पुढे कुठे? केमिस्टची गरज खरोखर वाढतेय अशा उद्योगांत शिरण्याची वाट

एमएस्सीचा निकाल लागला की 'सध्या कुठल्या इंडस्ट्रीला स्कोप आहे?' ही विचारणा सुरू होते आणि उत्तरादाखल फार्मा, बॅटरी, ग्रीन हायड्रोजन अशी ठरलेली यादी मिळते. यादी खोटी नसते, पण तिच्या भरवशावर नोकरी शोधायला निघालेला मुलगा सहा महिने फिरत राहतो. उद्योग वाढला की उलाढाल वाढते, केमिस्टच्या जागा वाढतीलच असं नाही. सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लांटची क्षमता दुप्पट झाली तरी त्याच्या लॅबमध्ये शिफ्टला माणसं तेवढीच पुरतात.

नमुन्यात काय आहे हे कागदोपत्री सिद्ध केल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही, अशा ठिकाणी केमिस्ट लागतात. नवा नियम येतो, परदेशी ग्राहक नवी मर्यादा घालतो, एखाद्या मोठ्या औषधाचं पेटंट संपतं, आणि मग लॅबमध्ये अचानक भरती निघते. उद्योग निवडताना मी हीच कसोटी लावतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच बेतल्या आहेत.

पायरी १ : आधी आपली शाखा आणि आपला नकाशा

बीएस्सीवर थांबला असाल तर क्यूसी म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाची लॅब, प्रोडक्शन केमिस्ट, ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया आणि साखर कारखाना किंवा डिस्टिलरीची लॅब ही दारं लगेच उघडतात. एमएस्सी ऑरगॅनिकवाल्यांना संश्लेषणाची आर अँड डी मिळते, ॲनालिटिकलवाल्यांना क्यूसी, अन्नातल्या कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी आणि एडीएल. एडीएल म्हणजे तपासणीच्या पद्धती तयार करणारी लॅब.

फिजिकल आणि इनऑरगॅनिकच्या मुलांना मात्र 'तुम्ही बीएड करा' हा सल्ला अजूनही दिला जातो. बॅटरी, उत्प्रेरक, हायड्रोजनचे इलेक्ट्रोलायझर या सगळ्यांचा गाभा इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि पृष्ठभागाचं रसायनशास्त्र हा आहे. ज्याला इम्पिडन्सचा म्हणजे विद्युत अडथळ्याचा आलेख वाचता येतो, त्याने बीएडचा फॉर्म भरायची घाई करू नये.

दुसरी गोष्ट नकाशा. महाराष्ट्रातली रासायनिक कारखानदारी तारापूर-बोईसर, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, जेजुरी, सोलापूरची चिंचोळी, संभाजीनगरची वाळूज-शेंद्रा अशा एमआयडीसींत पसरली आहे. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं गोव्यात वेर्णा भागात मोठ्या प्रमाणावर बनतात. वापी, अंकलेश्वर, दहेज आणि हैदराबाद इथेही मराठी मुलं पुष्कळ आहेत. 'मी पुणे सोडणार नाही' असं ठरलं असेल तर ते आधीच मान्य करा. मग यादी छोटी होते: संशोधन कंपन्या, अन्न तपासणीच्या लॅब, एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले प्रकल्प. घरच्यांशी हे बोलणं मुलाखतीआधी झालेलं बरं. महाडची ऑफर हातात आल्यावर नव्हे.

पायरी २ : उद्योग निवडा

*औषधं, त्यातही अशुद्धी शोधण्याचं काम.* सर्वाधिक जागा अजूनही इथेच आहेत, आणि त्या का वाढल्या हे समजून घेतलं तर मुलाखतीचा अर्धा अभ्यास होतो.

२०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसामाइन सापडलं आणि जगभरातून गोळ्या परत मागवाव्या लागल्या. रोज जास्तीत जास्त ९६ नॅनोग्रॅम ही त्याची स्वीकारार्ह मर्यादा ठरली. ३२० मिलिग्रॅमच्या गोळीत ते प्रमाण ०.३ पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत ०.३ भाग पडतं. एवढं कमी प्रमाण नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या, यूव्ही डिटेक्टरच्या साध्या एचपीएलसी यंत्रावर भरवशाने दिसत नाही, त्याला रेणूचं वस्तुमानही मोजणारं एलसी-एमएस/एमएस किंवा जीसी-एमएस लागतं. त्या घटनेनंतर ज्या औषधांत असं नायट्रोसामाइन तयार होण्याची शक्यता आहे त्यांचा अभ्यास करणं कंपन्यांना भाग पडलं. सेकंडरी अमाइन कुठून येतं, नायट्राइट कुठून येतं, परत वापरलेल्या सॉल्व्हंटमधून काय येतं, हे कागदावर मांडणारा माणूस केमिस्टच असतो.

मग कफ सिरपची प्रकरणं झाली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली. दोन्हीकडे बोट डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाकडे होतं. सिरपमध्ये घालायच्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे आणि ते जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासता येतं. म्हणजे तंत्र जुनंच होतं, तपासणी झाली नव्हती. जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला आधी ठरवून दिलेल्या लॅबचं प्रमाणपत्र लागू लागलं.

त्यावर आणखी एक थर चढला. औषध उत्पादनाचे नियम सांगणारं शेड्यूल एम डिसेंबर २०२३ च्या अखेरीस नव्याने अधिसूचित झालं. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत होती. लघु आणि मध्यम कारखान्यांची मुदत वाढवत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत नेली गेली. याचा अर्थ असा की मोठ्या कंपन्यांच्या गेटवर रांग लावणाऱ्यांनी छोट्या कारखान्यांकडेही पाहावं. व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाची असल्याचा पुरावा), स्टॅबिलिटी (औषध किती काळ टिकतं याची तपासणी), क्वालिटी रिस्कची कागदपत्रं ही कामं तिथे नव्याने उभी करावी लागत आहेत आणि ती करणारी माणसं त्यांच्याकडे नाहीत. पगार थोडा कमी असेल, पण मोठ्या कंपनीत तीन वर्षं फक्त डिझोल्यूशन म्हणजे गोळी विरघळण्याची चाचणी करणाऱ्यापेक्षा तिथे दीड वर्षात जास्त शिकायला मिळतं.

याच क्षेत्रात 'एफडीए अप्रूव्हल' ही चीज आहे. औषध उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसाला परवाना देणाऱ्या खात्याची म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते. नियमाप्रमाणे रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषध निर्मितीचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, फार्मसीच्या पदवीधराला अठरा महिने पुरतात. तपासणी विभागातल्या केमिस्टचीही अशी मान्यता असते. ती हातात आली की बाजारात तुमची किंमत बदलते. म्हणून पहिल्या दिवसापासून अनुभवाची पत्रं, कामाचं स्वरूप नीट लिहून घेतलेली, जपून ठेवा.

*पेप्टाइड आणि कंत्राटी संशोधन.* वजन आणि मधुमेहासाठीच्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यामुळे पेप्टाइडच्या लॅबमध्ये आधीपासूनच भरती सुरू झाली होती. गणित बघा. पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडांची साखळी, आणि या साखळीत ३१ अमिनो ॲसिडं. ती पूर्णपणे रासायनिक मार्गाने रेझिनवर एकेक जोडत गेलं तर ३० जोडण्या होतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तरी शेवटी पूर्ण लांबीची साखळी साधारण ७४ टक्केच उरते. तेच ९९.५ टक्के जमवलं तर ८६. राहिलेलं सगळं एखादं अमिनो ॲसिड गळलेलं, मुख्य पेप्टाइडला बिलगून बसणारं. ते वेगळं काढायला प्रिपरेटिव्ह एचपीएलसीवर रात्रंदिवस माणसं लागतात. अर्ध्या टक्क्यासाठी पगार देणारं हे क्षेत्र आहे. ऑरगॅनिकवाल्यांनी पेप्टाइड जोडण्याचं एफमॉक रसायनशास्त्र, कपलिंग रिएजंट आणि जोडणी पूर्ण झाली का ते दाखवणारी निनहायड्रिन चाचणी घोटून जावी.

परदेशी कंपन्यांसाठी रेणू बनवून देणाऱ्या कंत्राटी कंपन्या हैदराबाद, बंगळुरू आणि पुण्यात आहेत. तिथे काम चिकार आणि नोंदवही कडक, पण दोन वर्षांत हात तयार होतो.

*अन्न आणि अवशेष तपासणी.* महाराष्ट्राला हे क्षेत्र नाशिकच्या द्राक्षांनी शिकवलं. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागाइतदार ज्याला लिहोसिन म्हणतात आणि शेंड्याची वाढ रोखायला वापरतात, तेच हे रसायन. केमिस्टच्या दृष्टीने यातली मेख अशी की हा चतुर्थक अमोनियम क्षार आहे, अत्यंत ध्रुवीय. इथाइल ॲसिटेटने अवशेष काढायच्या नेहमीच्या पद्धतीत तो सेंद्रिय थरात येतच नाही. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळा अर्क काढावा लागतो आणि एलसी-एमएस/एमएसवर वेगळी पद्धत बसवावी लागते. शेकडो कीटकनाशकं तपासणारा अहवाल स्वच्छ आला तरी जे शोधलंच नाही ते त्यात दिसणार कसं? अवशेष लॅबच्या मुलाखतीत हे उदाहरण समजावून सांगता आलं तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो.

युरोपात ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेषांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या पद्धतींनुसार काम करणाऱ्या खासगी लॅब राज्यभर आहेत. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर इथिलीन ऑक्साइडवरून कारवाई केली, तेव्हा मसाल्यांच्या तपासणीचं काम वाढलं. हळद, डाळिंब, मध, दूध सगळ्यांचं तेच होत चाललंय. इथे एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) आणि आयएसओ १७०२५ (तपासणी लॅबचं आंतरराष्ट्रीय मानक) हे शब्द रोज कानावर पडतात. त्या मानकातली 'मापनातली अनिश्चितता' ही संकल्पना उदाहरणासह येत असेल तर तुम्ही इतर उमेदवारांच्या पुढे आहात. नोकरी करता करता अन्न विश्लेषकाची परीक्षाही देता येते. एमएस्सी आणि अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर एफएसएसएआयची म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ही परीक्षा जरूर द्या. अन्न विश्लेषकाच्या सहीने निघणाऱ्या अहवालाला कायद्याचं वजन असतं.

*बॅटरी.* सेलचे मोठे कारखाने महाराष्ट्राबाहेर उभे राहताहेत, पण इलेक्ट्रोलाइट, लिथियमचे क्षार आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवणं ही कामं रसायन कंपन्यांचीच आहेत. २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम आल्यापासून शेवटचं काम कायद्यानेच बांधलं गेलंय. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेच्या साथीने केपीआयटी कंपनीने २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं होतं.

काम जवळून कसं दिसतं ते सांगतो. लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटमधून फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड सुटतं, त्याला पाणी मिळालं की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तयार होतं, आणि ते सेलला आतून खातं. म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी काही पीपीएमच्या वर चालत नाही. केमिस्ट बाहेरची हवा न शिरणाऱ्या ग्लव्हबॉक्समध्ये सिरिंज भरतो, टोकाला सेप्टम म्हणजे रबरी बूच लावतो, सिरिंज तोलतो, पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्राच्या कूलोमेट्रिक सेलमध्ये नमुना सोडतो आणि रिकामी सिरिंज पुन्हा तोलतो. एक मिलिग्रॅम पाण्यामागे १०.७२ कूलोम वीज खर्च होते, त्यावरून पाणी निघतं. मुंबईच्या पावसाळ्यात हेच काम उघड्या टेबलावर केलं तर यंत्र इलेक्ट्रोलाइटचं नाही, हवेचं पाणी मोजेल. एवढी शिस्त अंगात आहे हे दाखवता आलं तर बॅटरीचा अनुभव नसतानाही कार्ल फिशर केलेल्या फार्माच्या मुलाला इथे घेतात.

*इथेनॉल आणि साखर.* पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०३० वरून अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठलं गेलं, आणि कारखान्यागणिक डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. गावाजवळ राहून केमिस्ट व्हायचं असेल तर याहून जवळचा रस्ता नाही. मांजरीच्याच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. लॅब केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, चीफ केमिस्ट अशी शिडी ठरलेली. मात्र हे क्षेत्र सरकारी आदेशावर चालतं. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली आणि पुढच्या हंगामासाठी ती उठली. गळीत हंगाम संपल्यावर पगाराचं काय, हेही नेमणुकीआधी विचारा. हंगामी आणि कायम या दोन शब्दांत संसाराचा फरक आहे.

*प्रक्रिया सुरक्षा.* याची चर्चा फारशी होत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले स्फोट आपल्याला ठाऊक आहेत. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये गुण्यागोविंदाने झालेली अभिक्रिया पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली की आकारमान ५,००० पट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग जेमतेम ३०० पट. म्हणजे दर लिटरमागे थंड करण्याची ताकद सतराव्या हिश्श्यावर येते. हे आधीच मोजायला डीएससी आणि रिॲक्शन कॅलरीमीटर ही उष्णता मोजणारी यंत्रं असतात. ते चालवून 'हे रिॲजंट एका दमात ओतू नका, चार तासांत सोडा' असं प्रोडक्शनला ठणकावून सांगणारे केमिस्ट हवे आहेत. परदेशी ग्राहक आता ऑर्डर देण्याआधी हा अहवाल मागतात. फिजिकल केमिस्ट्रीच्या मुलांना ही सोन्यासारखी संधी आहे, आणि गर्दी अजून नाही.

*राहिलेली तीन, थोडक्यात.* न्यायवैद्यक: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं बंधनकारक केलंय, राज्यांनी पाच वर्षांच्या आत ते लागू करायचं आहे. कलिना इथल्या संचालनालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण सरकारी भरतीच्या भरवशावर घरी बसू नका. ईटीपी आणि पर्यावरण: काम कायम आहे, मान कमी आहे, पण सीओडी-बीओडी या सांडपाण्याच्या नेहमीच्या चाचण्यांच्या पलीकडे झीरो लिक्विड डिस्चार्ज म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही ही पद्धत समजणाऱ्याला मागणी आहे. सेमीकंडक्टर: साणंद, ढोलेऱ्याची नावं मोठी आहेत, धातूंची अशुद्धी पीपीटीत म्हणजे दहाचा बारावा घात भागांत एक अशी मोजावी लागते, धातू मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र चालवता येणाऱ्यांना तिथे जागा मिळेल. फक्त, आज एमएस्सी झालेल्याने केवळ त्याची वाट पाहावी इतक्या जागा अजून नाहीत.

पायरी ३ : कंपनीआधी टेबल ठरवा

एकाच कंपनीत क्यूसी, एडीएल, आर अँड डी, प्रोडक्शन, क्यूए (गुणवत्तेची हमी) आणि रेग्युलेटरी (मंजुरीची कागदपत्रं) ही सहा वेगळी आयुष्यं असतात. क्यूसीत शिफ्ट असतात, काम मोजून येतं, आणि यंत्रावर हात बसतो. प्रोडक्शनला घाम, वास आणि माणसं सांभाळणं आलं, पण बीएस्सीवाल्याला वर चढायला तोच जिना सोपा. क्यूएमध्ये कागद आणि ऑडिट. रेग्युलेटरीत दिवसभर इंग्रजी दस्तऐवज. ज्यांचं लिखाण स्वच्छ आहे पण शिफ्ट नको आहेत, त्यांच्यासाठी ही चांगली जागा. फक्त तिथे थेट न जाता आधी दोन वर्षं लॅबमध्ये काढा. ज्याने क्रोमॅटोग्राम कधी काढला नाही त्याने व्हॅलिडेशनचा अहवाल तपासला तर चुका तशाच पुढे जातात.

पहिल्या नोकरीसाठी माझं मत विचाराल तर क्यूसी किंवा एडीएल. तिथून सगळीकडे जाता येतं. उलट दिशेने येणं अवघड.

पायरी ४ : सहा महिन्यांत हाताला काय शिकवायचं

सगळ्या शहरांत 'एचपीएलसी-जीसी ट्रेनिंग'चे क्लास निघालेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. यंत्र किती आणि एका यंत्रावर मुलं किती? कॉलम मी स्वतः लावणार का, की लांबून बघणार? सॉफ्टवेअरमध्ये पीक इंटिग्रेशन माझ्या हाताने होणार का? उत्तरं गुळमुळीत आली तर उठून या.

त्यापेक्षा स्वस्त आणि भक्कम वाटा आहेत. राष्ट्रीय प्रशिक्षण योजनेच्या एनएटीएस पोर्टलवर पदवीधरांना ॲप्रेंटिसशिप मिळते. एमएस्सीचा प्रकल्प कॉलेजच्या कपाटातल्या रसायनांवर न करता जवळच्या एनएबीएल लॅबमध्ये, एनसीएलमध्ये किंवा माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत करता येतो का ते दुसऱ्या सत्रातच विचारायला सुरुवात करा. दहा ईमेलना एक उत्तर येईल. तेवढं पुरतं.

यंत्राशिवाय घरी बसून करण्यासारखंही खूप आहे. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातला एखादा मोनोग्राफ म्हणजे एका औषधाचं प्रकरण घ्या आणि 'असे' या औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचं गणित स्टँडर्डच्या वजनापासून टक्केवारीपर्यंत कागदावर सोडवा. डायल्यूशन फॅक्टरमध्ये गडबडणारे उमेदवार मुलाखतीत सर्वाधिक गळतात. एक्सेलमध्ये आरएसडी म्हणजे निकालांमधली तफावत आणि रेषीय आलेख काढता आलाच पाहिजे.

पायरी ५ : बायोडाटा आणि वॉक-इन

वॉक-इन बहुतेक रविवारी असतात, कारण नोकरी करणारे उमेदवार तेव्हाच येऊ शकतात. सकाळी नऊची वेळ असेल तर साडेआठला गेटवर असा, मार्कशीटच्या झेरॉक्सचे दोन संच सोबत ठेवा. बायोडाटा एका पानाचा. 'हार्ड वर्किंग, टीम प्लेयर' काढून टाका आणि त्या जागी चालवलेल्या यंत्राचं नाव, डिटेक्टर, सॉफ्टवेअर आणि तपासलेला नमुना लिहा. जे फक्त पाहिलं आहे त्यापुढे 'प्रात्यक्षिक पाहिले' असंच लिहा, कारण पुढचा संवाद हमखास होतो:

"एचपीएलसीवर काम केलंय?"
"हो सर."
"पंपाचं प्रेशर अचानक चढलं. काय कराल?"
"कॉलम बदलीन सर."

इथे मुलाखत संपते. मुलाखत घेणाऱ्याला पायरीपायरीने शोध घेणारा माणूस हवा असतो. आधी कॉलम काढून त्या जागी युनियन म्हणजे साधा जोड लावायचा. प्रेशर उतरलं तर दोष कॉलममध्ये किंवा गार्ड कॉलममध्ये. नाही उतरलं तर डिटेक्टरकडून पंपाकडे एकेक जोड सोडत यायचं, जिथे प्रेशर पडेल तिथे अडथळा. वर असंही सांगा की आदल्या दिवशी बफर वापरला असेल आणि पाण्याने न धुता थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं असेल तर क्षार आत बसले असतील. एवढं बोललात की तुम्ही खरोखर यंत्राजवळ उभे होतात हे कळतं.

दुसरा ठरलेला प्रश्न ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा. 'चार ग्रॅम, एक लिटर' इथवर सगळे येतात. 'ते ०.१ च आहे हे कशावरून?' यावर निम्मे गप्प. हे रसायन हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून वाळवलेल्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करावं लागतं, हे उत्तर. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. बहुतेक लॅबमध्ये मुलाखत अर्धी हिंदी-मराठीतच होते.

पायरी ६ : ऑफर लेटर नीट वाचा

पहिला शोध याचा घ्या की तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की ठेकेदाराच्या. काम एकच असतं, पण अनुभवाच्या पत्रावर नाव कुणाचं येणार यावर पुढची नोकरी ठरते. सीटीसीचा आकडा पाहून खूश होऊ नका. हातात किती, पीएफ किती, बस आणि कँटीनचे किती कापणार, हे तोंडी नको, लेखी घ्या. मूळ मार्कशीट कुणी 'ठेवून घेतो' म्हटलं तर देऊ नका, पडताळणीसाठी दाखवा आणि परत आणा. बॉण्ड असेल तर मुदत आणि रक्कम वाचून सही करा. कारखान्यात जाऊन आलात तर नाकाने आणि डोळ्यांनी दोन गोष्टी टिपा: फ्यूम हूड चालू आहे का, आणि आयवॉशच्या नळाला पाणी येतं का.

पायरी ७ : पहिली तीन वर्षं

औषधांच्या लॅबमध्ये सगळ्यात महाग पडते ती डेटाशी केलेली छेडछाड. अधिकृत सीक्वेन्सआधी चुपचाप 'ट्रायल' इंजेक्शन मारून निकाल बघणं, घड्याळ मागे नेणं, पीकची बेसलाइन सोयीने ओढणं. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये ते सगळं नोंदलं जातं आणि परदेशी निरीक्षक आधी तेच उघडतात. निकाल मर्यादेबाहेर आला तर तसाच नोंदवा, चौकशीची पद्धत लिहून ठेवलेली असते. वरिष्ठाने 'जरा ॲडजस्ट कर' म्हटलं तर 'सर, ओओएस उघडतो' म्हणजे मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी सुरू करतो असं म्हणा आणि उघडा. लॉगिन तुमच्या नावाचं आहे.

दर सहा महिन्यांनी केलेल्या कामाची यादी स्वतःच्या वहीत लिहा: कोणती पद्धत, कोणतं यंत्र, कोणतं ऑडिट. कंपनीचा डेटा घरी न्यायचा नाही, कामाचं स्वरूप तेवढं लिहायचं. दीड वर्ष होऊनही तुम्हाला एकाच टेबलावर ठेवलं असेल तर बदली मागा. मिळाली नाही तर दुसरी वर्षपूर्ती झाल्यावर बाहेर बघा. वर्षाच्या आत दोनदा उडी मारलेला बायोडाटा मात्र एचआर बाजूला सारतं.

पीएचडीचा विचार याच काळात करावा. दोन वर्षं लॅब पाहून जो पीएचडीला जातो, त्याला नेमका कुठला प्रश्न सोडवायचाय हे माहीत असतं. नेट ही राष्ट्रीय परीक्षा फेलोशिपसह पार केली तर ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, काही नव्या केमिस्टच्या पगाराहून जास्त. पण केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून पाच वर्षं तिथे काढू नका. त्यापेक्षा तीन वर्षं पूर्ण करून एफडीएच्या मान्यतेसाठी अर्ज करा, त्यासाठी लागणारं अनुभवाचं पत्र नोकरी सोडताना नाही, नोकरीत असतानाच मागून घ्या.